दाजींच्या डबीवर आलेला आळ

ती. दाजींना,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायचा तर दुकानाच्या काउंटरमागे तेवढी जागा नाही, म्हणून उभ्यानेच घातला असं समजून घ्यावं.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या वेळी विचारायचं राहून गेलं. माझ्याकडे चष्म्याला येणाऱ्या दर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा गुडघा दुखतो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं, त्यामुळे माझ्याजवळ उपायांचा मोठा साठा झाला आहे. हवा तर निम्मा पाठवतो. ताईला सांगा की तिचा वाचायचा चष्मा तयार आहे, पण तिने नंबर कळवताना उजवा डोळा म्हणजे स्वतःचा उजवा धरला की आरशातला, एवढं विचारून कळवा. आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे जिवंत आहोत आणि भांडतो आहोत, आणि आमच्या घरात या दोन गोष्टी वेगळ्या धरत नाहीत.

परवा फोनवर तुम्ही जरा तापलात. "माझ्या सर्किटमध्ये दोष असूच शकत नाही," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात तो मला कानाला लागल्यासारखा वाटला. तुमचा राग अगदी रास्त आहे. एवढ्या हौसेने, डोळे फोडून, स्वतःच्या हाताने डबी बनवून पाठवायची आणि सासुरवाडीने ती नुसती बदनाम करायची, हे कोणत्या जावयाला आवडेल? तेव्हा तुमचं नाव स्वच्छ करण्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं आहे. फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोन आत्याच्या उशाशी असतो. अंगणात जाऊन मोबाईलवर बोलावं, तर अप्पांना एरवी दहादा हाक मारली तरी ऐकू येत नाही, पण मी कुजबुजलो की पहिल्या झटक्यात ऐकू येतं. म्हणून टपाल.

पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला यातलं अर्धं माहीत आहे, पण मधूनच सुरुवात केली की माझं मलाच काही उमगत नाही, हे तुम्हाला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. अप्पांचा जन्म गेला बर्फाच्या कारखान्यात आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आत्याचा, लाँड्रीत. अप्पांचं म्हणणं असं की कारखान्यातली सगळी थंडी त्यांच्या हाडांत जाऊन बसली आहे. आत्याचं म्हणणं असं की इस्त्र्यांची सगळी वाफ तिच्या अंगात कोंडली आहे. अशी दोन माणसं आमच्या मागच्या खोलीत समोरासमोर खाटा टाकून राहतात आणि मध्ये भिंतीला एक हिटर आहे. वेगवेगळ्या खोल्या देऊ म्हटलं तर दोघंही अंगावर येतात. आत्या म्हणते, "बाबूला एकटं टाकलंत तर बोलायला कोण आहे त्याला?" आणि अप्पा म्हणतात, "अक्काला कुणी ऐकून घ्यायला नको का?" मग दोघं खोलीत जातात आणि दार लावून हिटरच्या बटणावरून भांडतात. अप्पांनी लावायचा, आत्याने बंद करायचा, अप्पांनी पुन्हा उठून लावायचा. एवढ्या येरझाऱ्या घातल्यावर थंडी वाजायला नको खरं तर, पण वाजते.

त्या बटणापायी यंदा प्रकरण इतकं हातघाईवर आलं की ताईने निरोप धाडला, थंडी संपेपर्यंत आत्याला आमच्याकडे पाठवा. आत्या ताडकन हो म्हणाली. अप्पाही ताडकन हो म्हणाले. मग दोघं दिवसभर जेवले नाहीत. नेमका तुमच्या कारखान्याचा ट्रकवाला इकडे आला होता, म्हणून आत्याची पत्र्याची पेटी त्याच्याबरोबर पुढे पाठवून दिली. (पेटी गेली त्याच सुमाराला अप्पांची ती करड्या रंगाची लोकरी शाल हरवली. आमच्या हिने घर पालथं घातलं, धोब्याशी भांडण झालं, शेजारणीकडे संशयाने पाहून झालं, शाल नाही ती नाहीच. असो, ते वेगळं.) आणि परतीच्या फेरीला तोच ट्रकवाला तुमची डबी घेऊन आला. तुमची चिठ्ठी होती की ही एकदा लावून बघा, खोली एकसारखी राहिली तर आत्याला घर सोडावं लागणार नाही. दाजी, ती चिठ्ठी वाचून मला भरून आलं होतं. तुम्ही बोलता कमी, पण करता नेमकं. तेव्हा आत्या जाणार की राहणार, हे सगळं त्या तळहाताएवढ्या डबीवर येऊन ठेपलं.

आता मला ती डबी जशी समजली तशी सांगतो. चुकलो तर हसू नका, म्हणजे ताईसमोर हसू नका. डबीतून एक लांब वायर निघते आणि तिच्या टोकाला मिरीच्या दाण्याएवढा काळा मणी आहे, त्याला तुम्ही थर्मिस्टर म्हणता. या मण्याचा स्वभाव असा की गारठला की वीज अडवून धरतो आणि ऊब मिळाली की सैल सोडतो. (आमच्या हिचा भाऊही असाच आहे.) तो किती अडवतो त्यावरून डबीतल्या एका ठिकाणचा विजेचा दाब कमीजास्त होतो. दुसऱ्या एका ठिकाणी आपण नॉब फिरवून जो दाब ठरवू तो राहतो. आणि या दोघांच्या मध्ये तो आठ पायांचा काळा किडा बसलेला असतो, कंपॅरेटर. त्याचं काम एवढंच की दोन दाब बघायचे आणि कुठला जास्त ते सांगायचं. किती जास्त, का जास्त, काही नाही. हे मला एकदम पटलं, कारण माझा जन्म तेच विचारण्यात चालला आहे. मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक भिंग धरतो, मग दुसरं धरतो आणि विचारतो, हे स्पष्ट की ते स्पष्ट? तुमचा किडा म्हणजे बोलघेवडेपणा न करणारं गिऱ्हाईक. तो "हे" म्हणाला की रिलेमधलं छोटं लोहचुंबक लोखंडाची पट्टी ओढतं, टक् असा आवाज होतो, तांबडा दिवा लागतो आणि हिटरला वीज मिळते. "ते" म्हणाला की पट्टी सुटते, पुन्हा टक्, आणि हिटर बंद. एवढ्याशा मण्याने रुसावं आणि तेवढ्या मोठ्या धगधगत्या हिटरने मुकाट्याने ऐकावं, याचं मला अजून नवल वाटतं. पहिल्या दिवशी मी मणी नुसता चिमटीत धरायचो आणि सोडायचो, धरायचो आणि सोडायचो. हिने शेवटी विचारलं, जेवायचं आहे की टक् टक् करायचं आहे?

वायरमनने डबी बसवली. (वायरमन आपला नेहमीचाच. काम चांगलं करतो, पण प्रत्येक घरात आधीच्या वायरमनला शिव्या दिल्याशिवाय त्याचा हात चालत नाही, आणि आमच्या घरी आधीचा वायरमनही तोच होता.) बसवली आणि अर्ध्या तासात नवं संकट. खोली ठरल्या उष्णतेला पोचली आणि रिले टक् टक् टक् टक् असा सुटला, थांबेचना. अप्पा म्हणाले आत उंदीर आहे. आत्या म्हणाली, हे असंच चाललं तर मी आजच्याच गाडीने जाते. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत की डबीच्या पाठीला बारीक स्क्रू आहे तो थोडा फिरव, दोन टोकांत अंतर पडेल. मी फिरवला आणि आवाज थांबला. पण का थांबला, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. दुकानात एका म्हातारबुवांना नंबर काढताना ते कळलं. दोन भिंगांत अगदी जराचाच फरक होता आणि बुवा म्हणत होते, हे, नाही ते, नाही नाही हेच, थांबा, ते. अगदी तुमच्या रिलेसारखे! मी मधला नंबर सोडून फरक वाढवला, तेव्हा बुवांचं एक मत झालं. म्हणजे बाविसाच्या खाली गेलं की लावायचं आणि चोविसाच्या वर गेलं की बंद करायचं, मधल्या पट्ट्यात जे चाललं आहे ते चालू द्यायचं, लगेच मत बदलायचं नाही. हा मधला पट्टा आमच्या मागच्या खोलीतल्या दोन्ही माणसांत जन्मजात नाही. तसा स्क्रू कुणाच्या पाठीला असतो का, हे मी नीट पाहिलं नाही.

मग मणी कुठे टांगायचा हा घोळ. वायरमनने तो हिटरच्या वरच्या खिळ्याला अडकवला होता, दिसायला नीट म्हणून. हिटर लागला की पहिली धग मण्यालाच, तो लगेच समाधान पावायचा आणि हिटर बंद. अप्पा दोन गोधड्यांखाली कुडकुडत म्हणायचे, जावईबापूंनी बर्फाचं मशीन पाठवलंय. मी मणी काढून खिडकीच्या चौकटीला लावला. तिथे फटीतून वारा, मणी कायमचा गारठलेला, त्यामुळे हिटर बंद व्हायचं नाव घेईना, आणि आत्या ओली पट्टी कपाळावर ठेवून ताईच्या गावची थंडी किती छान असते ते सांगू लागली. मग मी भिंतीवरचा थर्मामीटर हातात घेऊन खोलीभर फिरलो. कपाटावर ठेवला, खाटेखाली सरकवला, दाराआड धरला. दाजी, एका खोलीत एवढे ऋतू असतात हे मला माहीत नव्हतं! डोक्याशी उन्हाळा, पायाशी हिवाळा. शेवटी दोन्ही खाटांच्या बरोबर मध्ये, बसल्या माणसाच्या छातीच्या उंचीला खिळा ठोकला आणि मणी तिथे टांगला. सगळ्यांना जमवून मी मोठ्या ऐटीत भाषणही दिलं, की बघा, हा मणी म्हणजे या खोलीचं नाक, याला गार लागलं की हिटर लागणार, याला ऊब मिळाली की बंद होणार, आता कुणी उठायचं नाही आणि कुणी भांडायचं नाही. दोघांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

दोन दिवस खोली शहाण्यासारखी वागली आणि मग पिसाळली. सकाळी आत जावं तर गारठा, अप्पा गोधडीत, आणि तांबडा दिवा बंद. दुपारी आत जावं तर भट्टी, आत्या पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली, आणि दिवा चालू. नॉब जागच्या जागी, स्क्रू जागच्या जागी. मी तुम्हाला फोन केला, तुम्ही विचारलंत, मण्यावर ऊन पडतं का? मी विचार केला, दुपारी ऊन पडलं असतं तर मणी तापून हिटर बंद झाला असता, इथे तर उलटं. (हे माझं मला सुचलं याचा मला फार अभिमान वाटला, पण तुम्ही तिकडे नुसतंच "हं" म्हणालात.) तुम्ही दुसरा मणी पाठवलात. तोही तसाच. आत्या म्हणाली, "जावईबापू गुणी आहेत, पण यंत्राच्या बाबतीत हात कच्चा." अप्पा म्हणाले, "कारखाना कसा चालतो कुणास ठाऊक." आणि आत्याचं पुढच्या आठवड्यातलं तिकीट काढून ठेवलं गेलं.

मला तुमचा अपमान सहन होईना, म्हणून मी डबी सोडवून दुकानात नेली. आमच्याकडे चष्म्याची फ्रेम मऊ करायला गरम वाळूचं भांडं असतं, विजेवर चालणारं. म्हटलं, त्याच्यावरच परीक्षा घेऊ. डबी भांड्याला जोडली, नॉब अगदी कमीला ठेवला आणि मणी टेबलाच्या कडेला सोडला, म्हणजे जरा ऊब लागली की बंद होईल. तेवढ्यात हेडमास्तरीणबाई आल्या, त्यांची फ्रेम वाळूत खोचून मी त्यांच्याशी गुडघ्याबद्दल बोलत बसलो. (त्यांना लसणाचं तेल लागू पडलं.) मणी बिचारा टेबलाच्या कडेला गार हवेत लोंबकळतोय, त्याच्या हिशेबी जग अजून थंडच आहे, आणि इकडे वाळू तापता तापता फ्रेमची एक बाजू गुळासारखी वाकली. ती सरळ केली, पण बाई आता कायम एका भुवईने आश्चर्यचकित झालेल्या दिसतात. शाळेत धाक वाढला आहे म्हणे. पण मला त्यातून एक गोष्ट लख्ख कळली. तुमच्या डबीला खोली कळत नाही, वाळू कळत नाही, माणसं कळत नाहीत. तिला फक्त मण्याचं स्वतःचं अंग कळतं. मण्याला जे वाटेल ते ती इमानाने करते. म्हणजे डबी निर्दोष आहे आणि आमच्या खोलीत कुणीतरी मण्याला काहीतरी वाटायला लावतंय.

सुटीच्या दिवशी मी डबी पुन्हा लावली आणि शेजारच्या खोलीत फ्रेमचे बारीक स्क्रू बसवायचं निमित्त करून दार किलकिलं ठेवलं. सकाळी आंघोळ करून आत्या जरा आडवी झाली. तिच्या कपाळावर घाम होता, हिटर चालू होता. तिचा डोळा लागलेला पाहून अप्पा हळूच उठले. गोधडी अंगाभोवती गुंडाळलेली, दात वाजतायत. मला वाटलं, आता नॉब वाढवणार. तर त्यांनी मणी मुठीत धरला, मुठीवर तोंड ठेवलं आणि हा हा करून फुंकर घातली. टक्. दिवा बंद. मग खाटेवर येऊन गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि आत्याच्या कपाळाकडे बघत राहिले. मूठ मात्र अधूनमधून जाऊन मण्याला ऊब देऊन येत होती. तिचा घाम वाळला तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.

माझ्या हातातला स्क्रू कुठे पडला तो अजून सापडला नाही. दुपारी जेवण झाल्यावर अप्पा झोपले, आणि आत्या उठली. तिने कपाळावरची ओली पट्टी काढली, पिळली आणि अगदी बेताने, कॉलर दुमडावी तशी, मण्याभोवती गुंडाळली. ओल्या फडक्याला वारा लागला की गारवा येतो, हे लाँड्रीवालीला कुणी शिकवायला नको. आणि बर्फाच्या कारखान्यात गारठून अडकलेला मीटरचा काटा फुंकर मारून हलवतात, हे अप्पा आम्हाला लहानपणापासून सांगत आले आहेत. मण्याला हुडहुडी भरली, टक्, तांबडा दिवा. (तुम्ही मण्याच्या दोन्ही पायांवर बारीक नळी चढवली आहे म्हणून बरं, नाही तर त्या ओलीने भलतंच काही झालं असतं. तुमच्या कामाची सफाई तेव्हा मला दिसली.) मग आत्या खाटेवर बसून पुठ्ठ्याने वारा घेऊ लागली. इतकी लाल झाली होती की मला उठून खिडकी उघडावीशी वाटली. अप्पांनी झोपेत गोधडी पायाने बाजूला सारली, तेव्हा ती स्वतःशीच हसली. त्यांची झोप चाळवली तशी पट्टी काढून पुन्हा कपाळावर ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, "मेला जावयाचा डबा, भाजून काढलं मला!" आणि अप्पा उठता उठता म्हणाले, "तुला भाजतंय, मला सकाळी गारठवलं त्याने."

म्हणजे दाजी, तुमची डबी दिवसभर खोटी साक्ष ऐकत होती. गारठणारा माणूस हिटर बंद करत होता आणि भाजणारी बाई तो लावत होती, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता तुम्हाला शिव्या देत होते.

मी हुशारी केली. दुसऱ्या दिवशी मणी हात पोचणार नाही असा कपाटाच्या वर, मागच्या अंगाला टांगला आणि नॉब त्या जागेच्या मानाने बसवला. खोली तेविसाच्या आसपास अशी काही स्थिर झाली की तुम्ही पाहून टाळ्या वाजवल्या असत्या. आणि घरात शांतता पसरली. भांडण नाही, पुठ्ठा नाही, जावईबापू नाहीत. दोघं आपापल्या खाटेवर बसून रिकाम्या खिळ्याकडे बघत होते. आत्या म्हणाली, "बरं वाटतंय का रे बाबू?" अप्पा म्हणाले, "बरं आहे. तुला?" ती म्हणाली, "मलाही बरं आहे." ही स्वयंपाकघरातून पळत आली आणि मला म्हणाली, डॉक्टरला बोलवा, ही दोघं गोड बोलायला लागली आहेत. संध्याकाळी आत्याने जायची पिशवी काढून खाटेवर ठेवली. म्हणाली, आता बाबूची सोय झाली, मी निर्धास्त जाते. अप्पांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडे केलं. मला त्या क्षणी तुमच्या त्या तेवीस अंशांचा इतका राग आला, की काय सांगू.

मी स्टूल घेतलं, मणी खाली काढला आणि पुन्हा खिळ्याला टांगला. मग आत्याला पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं आणि सकाळी अप्पा काय करतात ते सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला, बराच वेळ लावून ठेवला. अप्पांना अंगणात गाठून आत्या दुपारी काय करते ते सांगितलं. ते म्हणाले, "तिला आधीपासूनच अक्कल कमी," आणि चष्मा पुसत बसले. (चष्मा स्वच्छ होता. तो मीच सकाळी पुसून दिला होता.) दोघांनाही बजावलं की दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. तासाभराने मागच्या खोलीतून आवाज आला, "बाबू, अरे हा डबा पुन्हा बिघडला बघ!" आणि आत्याने आम्हा सगळ्यांना आत बोलावून निकाल दिला, की या डबड्याच्या भरवशावर माझ्या भावाला टाकून मी कुठेही जाणार नाही, हा त्याला एक दिवस गारठवून मारील, इथे कुणीतरी लक्ष ठेवायला बसलंच पाहिजे. अप्पा म्हणाले, "तिकिटाचं काय?" पण असं म्हणाले, की कुणी उत्तर देऊ नये. ती पिशवी आता कपाटात गेली आहे.

तर दाजी, डबी सर्वस्वी निर्दोष आहे, हे मी लेखी देतो. तुमची कला थोर आहे. ताईला नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा मेव्हणा

ता. क. वर लेखी दिलेलं पत्र वाचून झालं की फाडून टाका. खरी विनंती अशी की आत्या एकदोन दिवसांत तुम्हाला फोन करून विचारणार आहे, की डबी दुरुस्त होण्यासारखी आहे का. तुम्ही सांगायचं, की माझ्याकडून मोठी चूक झाली, तिच्यात मुळातच दोष आहे, तो निघणार नाही, कुणीतरी रोज समोर बसून राहिलं तरच चालेल. तुमच्यासारख्या माणसाला हे तोंडातून काढणं किती जड जाईल याची मला कल्पना आहे. पण तुमचं सर्किट सुधारलं की आमची आत्या गेली. तेव्हा एवढा आळ अंगावर घ्या. कारखान्यातल्या लोकांना मी हवं तर खरं कळवतो.

ता. क. आत्याची पत्र्याची पेटी मिळेल त्या गाडीने परत पाठवा. ताईने आत्यासाठी खाट मांडली असेल, तिला वाईट वाटेल. तिची समजूत तुम्हीच काढा, मला जमणार नाही.

ता. क. पाकीट चिकटवत होतो एवढ्यात अप्पा दुकानात आले. आधी फ्रेम बघितल्या, मग हेडमास्तरीणबाईंची चौकशी केली, मग म्हणाले की पत्र लिहितोच आहेस तर जावईबापूंना एक कळव. पेटीच्या तळाशी, आत्याच्या लुगड्यांखाली, करड्या रंगाची शाल सापडेल. ती चुकून गेलेली नाही. पेटीला कुलूप लावायच्या आधी त्यांनीच घातली, कारण तुमच्याकडे थंडी फार, आणि अक्काला गरम होतं असं ती नुसतं म्हणते, पाय तिचे नेहमी गारच असतात. म्हणजे पेटी गेल्यापासून अप्पांना जी थंडी वाजत होती ती हाडांतली नव्हती, शाल नव्हती म्हणून वाजत होती. आत्याला यातलं अवाक्षर कळता कामा नये, असं बजावून ते गेले. तेव्हा पेटी सावकाश आली तरी चालेल, शाल आधी पाठवा.